तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन: गाठ काढण्यापासून जबडा पुन्हा बांधण्यापर्यंत, घरच्यांसाठी

माझ्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या, डाव्या पायातलं एक हाड गेली पाच वर्षं त्यांच्या जबड्यात आहे. त्याच्या जोरावर ते दुधात कुस्करलेली भाकरी खातात आणि नातवाला दटावतातसुद्धा. त्यांच्यानंतर दोन वर्षांनी माझ्या मामांना गालाचा कर्करोग निघाला. त्यांना छातीचं मांस लावलं. दोन्ही वेळा पेशंटसोबत दवाखान्यात राहणारी मीच होते. त्यानंतर गावातून किंवा पाहुण्यांतून असा पेशंट निघाला की फोन मलाच येतो. त्या फोनवर जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. तुमच्या पेशंटला काय करायचं ते त्याचे डॉक्टरच ठरवणार. पण ऑपरेशन थिएटरचं दार बंद होण्याआधी आणि उघडल्यानंतर कितीतरी कामं घरच्यांच्या हातात असतात, आणि ती कुणी नीट समजावून सांगत नाही. त्यातही एक गोष्ट लोकांना फार उशिरा कळते. गाठ काढणं आणि काढलेली जागा पुन्हा भरणं ही दोन्ही कामं बहुतेक वेळा एकाच दिवशी, एकाच भुलीत होतात. "आधी गाठ निघू दे, तोंडाचं मग बघू" असं म्हणून चालत नाही. दोन्हीबद्दल आधीच विचारायचं असतं.

१. तुकडा तपासायला द्या, आणि तारीख लिहून ठेवा

तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा जाईना, तोंड उघडायला त्रास होऊ लागला, विनाकारण दाढ हलू लागली, मानेत गाठ लागली, तर थांबू नका. अण्णांची दाढ हलत होती. जवळच्या दातांच्या दवाखान्यात ती काढली. जखम भरेना म्हणून गुळण्या आणि गोळ्या यांत अडीच महिने गेले. दाढ हलत होती ती खालच्या हाडात गाठ शिरली होती म्हणून. दात काढलेली जागा तीन आठवड्यांनीही भरत नसेल तर तिथला तुकडा तपासून द्या म्हणून तुम्ही स्वतः आग्रह धरा.

"तुकडा काढला, सुई लावली की कॅन्सर पसरतो" असं हमखास कुणीतरी सांगेल. तसं होत नाही. तुकड्याशिवाय निदान पक्कं होत नाही, आणि निदान पक्कं झाल्याशिवाय कुठलाही चांगला सर्जन हात लावणार नाही. तुकडा ज्या लॅबमध्ये तपासला तिथून नुसता रिपोर्ट घेऊन येऊ नका. तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्सही मागून घ्या. मोठी कर्करोग रुग्णालयं त्या स्वतः पुन्हा तपासतात. त्या नसल्या तर पुन्हा गावाला खेटा, म्हणजे आणखी आठवडा गेला.

पुढे स्कॅन. गाल, हिरडी, जबड्यासाठी बहुधा सीटी, जिभेसाठी एमआरआय, आणि सोबत छातीची तपासणी. सीटीत शिरेतून औषध देतात, त्याआधी किडनीची रक्ततपासणी लागते. ती आदल्या दिवशीच करून ठेवा. गालाच्या आतली गाठ असेल तर काही ठिकाणी पेशंटला गाल फुगवून धरायला सांगतात. गाल हिरडीपासून सुटा झाला की गाठ नेमकी कशाला चिकटलीय ते दिसतं. मामांना ही सूचना कळली नव्हती, ते गप्प पडून राहिले आणि स्कॅन पुन्हा करावा लागला. आत जाण्याआधी घरी दोन-चारदा सराव करून घ्या.

२. कुठे जायचं आणि पैशांचं काय

मुंबईत परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि खारघरला त्याचंच केंद्र आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सगळ्यांनी मुंबईलाच जावं असं नाही. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीत नर्गिस दत्त रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जिथे जाल तिथे एकच गोष्ट पक्की विचारा: डोकं-मानेचे कर्करोग सर्जन आणि प्लास्टिक सर्जन दोघंही इथे आहेत का, आणि मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्या जोडण्याचं काम इथे नेहमी होतं का? दुसरं उत्तर "नाही" असेल तरी ते रुग्णालय वाईट ठरत नाही. काही पेशंटना त्याची गरजच नसते. पण ज्याला गरज आहे त्याने दुसरीकडे जायचं की नाही ते याच टप्प्यावर ठरवायचं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशन कार्ड, आधार आणि तुकड्याचा रिपोर्ट घेऊन रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा, आणि भेट ऑपरेशनच्या आधी घ्या. मंजुरी आधी लागते. स्वतःच्या खिशातून भरून मग परत मागू म्हटलं तर मिळत नाही. रेल्वेत कर्करोगाच्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत असते, त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून मिळतो. मुंबईत राहायची सोय नसेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. आम्ही तिथे राहिलो. शेजारच्या खोल्यांतल्या बायकांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

३. ओपीडीत काय विचारायचं

डॉक्टरांना वेळ कमी असतो. घरूनच प्रश्न कागदावर लिहून न्या, आणि दोघांनी आत जा: एकाने ऐकायचं, दुसऱ्याने लिहायचं.

पहिला प्रश्न, नेमकं किती काढणार? नुसती दिसणारी गाठ काढून भागत नाही. तिच्याभोवतीचं सेंटीमीटरभर चांगलं दिसणारं मांसही घेतात, कारण मुळं डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून लिंबाएवढी गाठ आणि काढलेली जागा तळहाताएवढी, असं होतं. हे आधी माहीत नसेल तर नंतर "डॉक्टरांनी उगाच जास्त कापलं" असं वाटतं.

दुसरा, जबड्याचं काय? हाडाला गाठ नुसती टेकली असेल तर वरची कड तासून हाडाची सलगता राखता येते. हाडात शिरली असेल तर तेवढा जबड्याचा तुकडाच काढावा लागतो. जबडा आणि मानेतल्या गाठी एकत्र काढतात त्याला वॉर्डात सगळे "कमांडो" म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. वरच्या जबड्याचा भाग जाणार असेल तर टाळूला पडणारं भोक झाकायला कवळीसारखी प्लेट करतात. तिचं माप दातांचे डॉक्टर ऑपरेशनच्या आधी घेतात, ते राहून जाऊ देऊ नका.

तिसरा, मानेला चीर का? मानेत गाठ हाताला लागत नसतानाही मानेतल्या ग्रंथी काढायच्या म्हटल्यावर घरचे बिचकतात. आम्हीही बिचकलो. यावर टाटामध्येच मोठा अभ्यास झाला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेच्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण साडेसदुसष्ट टक्के होतं. डॉक्टर मान उघडायची म्हणतात ते यासाठी.

चौथा प्रश्न लोक विचारतच नाहीत: काढलेली जागा कशाने भरणार?

४. मांस कुठून येणार

जागा लहान असेल तर नुसते टाके पुरतात, किंवा नाकाशेजारच्या घडीतली, हनुवटीखालची कातडी वळवून लावतात. मोठ्या जागेला दोन मार्ग असतात. मला समजावणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं होतं. मी मात्र शेतातल्या भाषेत लक्षात ठेवलं. एक म्हणजे वेल मुळापासून न तोडता वळवून दुसऱ्या मांडवावर चढवणं. दुसरं म्हणजे रोप मुळासकट उपटून नव्या जागी लावणं.

मामांचं पहिलं होतं. छातीचा स्नायू, वरच्या कातडीसकट, स्वतःच्या रक्तवाहिनीच्या देठावर तसाच ठेवून गळ्याच्या हाडावरून मानेत घेतला आणि गालाच्या आत शिवला. १९७९ पासून ही पद्धत जगभर चालते आणि आपल्याकडे हजारो पेशंट तिच्यावर बरे होऊन घरी गेले आहेत. ती भरवशाची आहे, वेळ कमी लागतो, मायक्रोस्कोप लागत नाही. तोटे सांगायचे तर मानेत महिनोन्‌महिने फुगवटा दिसतो आणि छातीला व्रण राहतो. आणखी एक, जे कुणी आधी सांगितलं नाही. पुरुषांच्या छातीवर केस असतात आणि ते गालाच्या आत गेल्यावरही वाढतात. मामा घाबरून गेले, त्यांना वाटलं काहीतरी बिघडलंय. ओपीडीत ते कापून देतात, आणि शेक (रेडिएशन) घेतल्यावर बरेचसे गळून जातात.

अण्णांचं दुसरं होतं. त्यात मांस किंवा हाड पूर्ण सुटं करून आणतात आणि त्याची रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला जोडतात. दोन-तीन मिलिमीटरची नळी, मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक दोऱ्याने. जिभेसाठी किंवा गालाच्या आतल्या पातळ अस्तरासाठी मनगटाजवळची कातडी घेतात, मोठ्या जागेसाठी मांडीची, आणि हाड हवं असेल तर पायाचं.

पायाचं म्हणजे पोटरीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड. शरीराचा भार मुख्यतः शेजारचं जाड हाड उचलतं, म्हणून हे काढता येतं. गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा तुकडा मुद्दाम ठेवतात, घोटा डळमळू नये म्हणून. मधलं हाड सुतार चौकटीचा कोपरा जुळवतो तसं तिरकं कापून जबड्याच्या वळणाने जुळवतात आणि टायटॅनियमच्या पट्टीने, स्क्रूंनी बसवतात. पायाची जखम बुजवायला मांडीची पातळ कातडी लावतात. "पाय अधू होईल" ही सगळ्यांची पहिली भीती. अण्णा पाचव्या-सहाव्या दिवशी वॉकर धरून उभे राहिले आणि चार महिन्यांनी शेतावर चालत गेले.

मग कुणाला काय? इथे माझं ठाम मत आहे: "भारीतलं करा" असा हट्ट धरू नका आणि "स्वस्तातलं उरका" असंही म्हणू नका. हनुवटीकडचा मधला भाग जात असेल तर हाडच हवं. नाहीतर खालचा ओठ लोंबतो, लाळ थांबत नाही आणि जिभेला आधार उरत नाही. बाजूचा जबडा जात असेल, वय जास्त असेल, हृदय किंवा पायाच्या रक्तवाहिन्या चांगल्या नसतील, तर नुसत्या मांसावरही माणूस चांगला जगतो. प्रश्न असा विचारा: "आमच्या पेशंटला हेच का, आणि हे फसलं तर पुढचा पर्याय कोणता?" दोन्हीची उत्तरं तयार असलेला सर्जन भेटला की निम्मी काळजी कमी होते.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. ज्या हाताची कातडी घेणार आहेत त्या हाताला त्या काळात रक्त काढायला किंवा सलाईनला सुई टोचू देऊ नका. त्या शिरा मांसासोबत जाणार असतात. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाने वडिलांच्या मनगटावर पेनाने "सुई नको" असं लिहूनच ठेवलं होतं.

५. तारीख मिळाल्यावर

तंबाखू, मावा, खर्रा, गुटखा, बिडी सगळं त्याच दिवशी बंद. हा उपदेश नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि आपला सगळा खेळ त्या दोन मिलिमीटरच्या नळीवर आहे. खिसे, उशी, गोठा, गाडीची डिकी तपासा. वाईट दिसत असलं तरी तपासा. तलफ सहन होत नसेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधं आहेत.

दातांच्या डॉक्टरांकडून सगळं तोंड तपासून घ्या. नंतर शेक द्यावा लागला तर किडलेले दात आधी काढून जखमा भरलेल्या असाव्या लागतात. साखर ताब्यात आणा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर भुलीच्या डॉक्टरांना सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. तोंड नीट उघडत नसेल तर भूल देताना नाकातून दुर्बिणीने नळी घालतात. पेशंटला आधी सांगून ठेवलं तर तो दचकत नाही. खाता येत नसेल आणि वजन उतरत असेल तर ऑपरेशनच्या आधीच नाकातून जेवणाची नळी घाला म्हणतात. त्याला नाही म्हणू नका. खंगलेल्या अंगावर टाके धरत नाहीत.

गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवतील का, तेही विचारा. बसवली तर काही दिवस आवाज फुटत नाही. अण्णांना मी मुलाची पाटी आणि पेन्सिल दिली होती. शिवाय जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत शब्द लिहून ठेवले होते: दुखतंय, लाळ ओढा, कूस बदला, लघवी, पाणी, थंडी, घाम. बोटाने दाखवायचं. लिहिता येत नसेल तर चित्रं काढा. पिशवीत समोरून बटणं लागणारे शर्ट घ्या (गळ्यातून घालायचे नकोत), सुती पंचे, छोटा आरसा, आणि फाईलच्या दोन झेरॉक्स. आरसा पेशंटला मागेपर्यंत देऊ नका. मागितला की मात्र लपवू नका.

६. तो दिवस

अण्णांना सकाळी साडेसातला आत नेलं, रात्री पावणेनऊला बाहेर आणलं. एक टीम तोंडाकडे, दुसरी पायाकडे, एकाच वेळी. मामांचं सहा तासांत झालं. मध्येच रक्त आणायला किंवा सही करायला बोलावू शकतात, म्हणून एक माणूस जागेवर हवाच. जेवून घ्या. बाहेर आल्यावर चेहरा इतका सुजलेला असतो की ओळख पटत नाही. ती सूज उतरते.

७. पहिले पाच दिवस: रंगावर लक्ष

लावलेल्या मांसाला वॉर्डात फ्लॅप म्हणतात. उपटून लावलेला असेल तर पहिले दोन-तीन दिवस धोक्याचे. सुरुवातीला तासातासाला सिस्टर बॅटरी मारून बघतात आणि बोट टेकवून गरम लागतो का पाहतात. निवासी डॉक्टर बारीक सुईने टोचतात. लालभडक रक्ताचा थेंब हळूच वर आला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पांढरा पडला तर रक्त पोहोचत नाहीये, जांभळा पडला आणि काळसर रक्त भसकन आलं तर रक्त परत जात नाहीये.

दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला अण्णांचा फ्लॅप निळसर दिसू लागला. ड्यूटीवरच्या सिस्टरने बॅटरी दोनदा मारली, काही न बोलता फोन उचलला, आणि वीस मिनिटांत अण्णा पुन्हा थिएटरमध्ये होते. शिरेत गुठळी झाली होती. ती काढली, पुन्हा जोडलं, हाड वाचलं. चार तास उशीर झाला असता तर कदाचित वाचलं नसतं. म्हणून तुम्हाला रंग बदललेला वाटला तर "सकाळी राउंडला सांगू" म्हणू नका. त्याच क्षणी सांगा, पाचव्यांदा सांगावं लागलं तरी सांगा.

मान सरळ राहू द्या, जोडलेल्या बाजूला वळवून झोपू देऊ नका. गळ्याभोवती काहीही घट्ट नको: श्वासाच्या नळीची पट्टी, ताईत, काळा दोरा, काहीच नाही. दोरा आम्ही काढून अण्णांच्या फाईलला बांधला, सासूबाईंचंही समाधान झालं. छातीतला कफ निघावा म्हणून फिजिओथेरपिस्ट खोकायला लावतात. दुखतं, तरी करायचं. मानेतल्या ड्रेनच्या नळ्या, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या, रोजचं पाणी वीस-तीस मिलिलिटरच्या खाली आलं की काढतात. रोजचा आकडा तुम्हीही लिहा. त्यात दुधासारखा पांढरा द्राव दिसला, किंवा मानेच्या टाक्यांतून लाळ झिरपू लागली तर लगेच दाखवा. लाळेची गळती बहुतेक वेळा ड्रेसिंगवर भरते, पण तोंडाने पाणी सुरू करणं लांबतं.

८. नळीतून जेवण

हे पूर्णपणे घरच्यांचं काम आहे, आणि मला वाटतं निम्मं बरं होणं इथेच आहे. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे दोन हजार कॅलरी आणि सत्तर ते नव्वद ग्रॅम प्रथिनं लागतात. नुसत्या डाळीच्या पाण्यावर आणि शहाळ्यावर ठेवलात तर पोट भरेल, जखम भरणार नाही.

दर दोन तासांनी दोनशे मिलिलिटर, दिवसातून आठ-दहा वेळा. पेशंटला बसतं करा किंवा पाठीमागे उंच टेका द्या आणि नंतरही अर्धा तास तसंच ठेवा. आधी नाकाजवळची नळीवरची खूण जागेवर आहे का ते बघा. पन्नास मिलिलिटरच्या सिरिंजचा दांडा काढून टाका, ती डोक्यापेक्षा वीतभर वर धरा आणि अन्न आपोआप उतरू द्या. दाबून ढकलू नका. ठसका लागला, श्वास घाबरा झाला तर तिथेच थांबा. शेवटी तीस मिलिलिटर पाणी सोडून नळी धुवा.

माझी रोजची पाळी अशी असे: दुधात दूध पावडर आणि नाचणीचं सत्त्व, मूगडाळ-तांदूळ मऊ शिजवून, तूप घालून, मिक्सरमधून काढून गाळलेलं, पूर्ण उकडलेलं अंडं दुधात फिरवून, ताक, रुग्णालयातून लिहून दिलेली प्रोटीन पावडर. सगळं मलमलच्या फडक्यातून गाळायचं. चहाच्या गाळणीतून गाळलेलं पुरत नाही. पहिल्या आठवड्यात मी शेंगदाण्याचं कूट घातलेलं गाळणीनेच गाळून दिलं आणि नळी चोंदली. कोमट पाणी सिरिंजने हळूहळू पुढे-मागे करत अर्धा तास गेला तेव्हा सुटली. गोळ्या एकेक करून बारीक कुटा, पण कुठली कुटायची नाही ते विचारून घ्या. नळी निघून आली तर घरी परत घालायचा प्रयत्न करू नका, आतले टाके ताजे असतात.

मधुमेह असेल तर आहारतज्ज्ञांकडून वेगळा तक्ता घ्या. तोंडाने खाणं साधारण एक-दोन आठवड्यांनी, डॉक्टरांनी सांगितल्यावरच. पहिला घास पाण्याचा नसतो बरेचदा, घट्टसर असतो, कारण पातळ पाणी चटकन श्वासनलिकेत जातं. अण्णांचा पहिला घास घट्ट दह्याचा होता.

९. रिपोर्ट आणि शेक

काढलेल्या भागाचा रिपोर्ट एक-दोन आठवड्यांत येतो. त्यात दोन ओळी शोधा. कडा मोकळ्या आहेत का: गाठीपासून कडेपर्यंतचं अंतर पाच मिलिमीटर किंवा जास्त असेल तर मोकळ्या मानतात. आणि मानेतल्या किती ग्रंथींत रोग होता, तो ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आला का. कडेला रोग असेल किंवा कवच फुटलं असेल तर शेकासोबत केमोही देतात. शेक, म्हणजे रेडिएशन, साधारण तीस वेळा, आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे चालतो.

तो ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. टाके निघतात, माणूस बोलायला लागतो, पेरणी आलेली असते, आणि "आता बरा आहे, दिवाळीनंतर घेऊ" असं ठरतं. असं करू नका. रेडिएशनच्या मशिनचा नंबर लागायलाही वेळ जातो, म्हणून रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी त्या विभागात फाईल नोंदवा.

१०. व्यायाम

तोंड आखडतं, आणि शेकाने आणखी आखडतं. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून आइसक्रीमच्या लाकडी पट्ट्या दातांमध्ये धरायच्या आणि आठवड्याला एकेक वाढवायची. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावली तर तोंड चांगलं उघडतं म्हणायचं. अण्णांच्या पट्ट्यांची संख्या मी कॅलेंडरवर लिहीत असे. अकरावरून सोळावर यायला तीन महिने लागले. शेक चालू असताना तोंड सोलवटतं, तेव्हा व्यायाम कमी करा पण सोडू नका.

मानेच्या ऑपरेशननंतर हात खांद्याच्या वर उचलत नाही, कारण खांद्याची नस तिथूनच जाते. भिंतीवर बोटांनी चढत जाण्याचा व्यायाम रोज करा. खालचा ओठ एका बाजूला वाकडा दिसेल, तो कित्येकदा काही महिन्यांत सुधारतो. बोलण्या-गिळण्याच्या थेरपिस्टची भेट मागून घ्या. आपणहून क्वचितच कुणी पाठवतं.

११. घरी आल्यावर

पहिलं वर्ष एक ते तीन महिन्यांनी तपासणी, मग अंतर वाढत जातं, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. रोग परत आला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत, म्हणून त्या काळात एकही तारीख चुकवू नका. मानेला शेक घेतला असेल तर सहा महिने-वर्षाने थायरॉईडची रक्ततपासणी करा. अण्णा सुस्त झाले ते आम्ही म्हातारपणावर ढकललं होतं, निघालं थायरॉईड. तंबाखूने सगळ्याच तोंडाचं अस्तर बिघडलेलं असतं, दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते. त्याच भेटीत घरातल्या बाकीच्यांचीही तोंडं तपासून घ्या. सासूबाई चाळीस वर्षं मिश्री लावायच्या. त्यांच्या गालात पांढरा चट्टा निघाला, वेळेवर काढला.

आणि शेक घेतलेल्या जबड्यातला दात पाच काय, दहा वर्षांनी दुखला तरी गावातल्या दवाखान्यात काढून टाकू नका. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, जखम भरत नाही आणि हाड कुजायला लागतं. आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना फोन करा, शेकाचा कागद दातांच्या डॉक्टरांना दाखवा. अण्णांच्या त्या कागदाची झेरॉक्स आम्ही त्यांच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे घालून ठेवली आहे.